ढोम्याच्या डोक्यातले दोन खडे

ढोम्याचं डोकं नीट चोखून खाल्लं की शेवटी दाताखाली दोन पांढरे खडे येतात. ज्याला माहीत नसतं तो दचकतो, मासे नीट धुतले नाहीत म्हणून घरच्या बाईवर डाफरतो. आमच्याकडे ते खडे ताटाच्या कडेला काढून ठेवायची पद्धत होती. आई ते गोळा करायची, राखेने घासून धुवायची, उन्हात वाळवायची आणि बामच्या रिकाम्या बाटलीत टाकायची. बाबांना मुतखड्याचा त्रास होता. कळ आली की आई सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून एखादा खडा उगाळायची आणि ते दुधासारखं पाणी वाटीतून त्यांना द्यायची. तिच्या माहेरी, अलिबागकडे, खड्यावर खडाच चालतो असं मानत. बाबा ते निमूट पिऊन टाकायचे.

आम्ही अंबरनाथला एका चाळीत दोन खोल्यांत राहायचो. बाबा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रेसवर होते. पत्र्यावर दिवसभर ठोके पडायचे. त्या ठोक्यांनी त्यांचे कान हळूहळू खाल्ले आणि ही गोष्ट त्यांनी सगळ्यांपासून लपवली. बहिऱ्या माणसाला मशीनवर ठेवत नाहीत, हातात झाडू देतात, ही त्यांची भीती. म्हणून कोणी काही बोललं की ते मान हलवायचे. आईला ठाऊक असणार. ती नेहमी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायची आणि मगच बोलायची. मला वाटायचं, बाई नवऱ्याला धाकात ठेवते. मी एकुलती एक, लाडावलेली आणि स्वतःला फार हुशार समजणारी होते, पण घरातल्या घरात एवढी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना आई गेली. आजारपण लांबलं नाही. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, नंतर आम्ही दोघंच उरलो. बाबा कामावरून यायचे, हातपाय धुवायचे, मी वाढलेलं जेवायचे. मला त्या घराचा कंटाळा आला होता असं म्हणणं कमी पडेल. मला त्या घराची भीती वाटायची. दिवा लावायच्या वेळेला शेजारच्या खोल्यांतून भांडणं, रेडिओ, पोरांचं रडणं ऐकू यायचं आणि आमच्याकडे फक्त पातेल्याचा आवाज. मला तिथून निघायचं होतं. कुठे, ते माहीत नव्हतं.

एमएस्सीला मी उल्हासनगरच्या कॉलेजात नाव घातलं, प्राणिशास्त्र घेतलं. प्रबंधासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा आमच्या सरांनी विचारलं, घरी कोणता मासा जास्त खाता? मी ढोमा म्हटलं. सरांनी ड्रॉवरमधून एक खडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. मला हसू आलं. म्हटलं, सर, हे आमच्याकडे औषध म्हणून उगाळतात. ते हसले नाहीत. म्हणाले, हा माशाच्या कानातला खडा आहे आणि माशाचं अख्खं आयुष्य त्यात लिहिलेलं असतं, उगाळण्याआधी एकदा वाचून बघ.

माशाला बाहेरून कान नसतात. कवटीच्या मागच्या भागात, मेंदूच्या खाली दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या नाजूक पिशव्या असतात आणि त्यांत हे खडे असतात. एका बाजूला तीन, पण त्यातले दोन इतके बारीक की जेवताना कळतसुद्धा नाहीत. आपल्या दाताखाली येतो तो सगळ्यांत मोठा. तो चुन्याचाच असतो, शिंपल्यात असतो तसल्या. पिलू अंड्याबाहेर येण्याआधीच धुळीच्या कणाएवढा गाभा तयार झालेला असतो आणि मग त्यावर दिवसामागून दिवस चुन्याचे थर बसत जातात. मासा मजेत वाढत असेल तर थर जाड बसतो, उपासमारीत पातळ. सरांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. मासा अगदी खंगला तर अंगावरचे खवलेही झिजवून शरीर त्यातला चुना परत घेतं. कानातल्या खड्याला मात्र ते हात लावत नाही. एकदा बसलेला थर बसलेलाच राहतो.

आणि हा खडाच माशाला ऐकवतो. पाण्यातून आवाज आला की माशाचं शरीर पाण्याबरोबर थरथरतं, पण खडा जड असल्यामुळे जरा मागे राहतो. त्याच्याखाली असलेले बारीक केस त्यामुळे वाकतात. ते वाकले की माशाला ऐकू आलं. ढोमा तर स्वतःच बोलका मासा. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून टर्रटर्र आवाज काढतो. एवढ्या गप्पांसाठी खडाही मोठा लागत असावा, असं मी सरांना म्हटलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

माझा प्रश्न साधा होता. थंड देशांतल्या माशांच्या खड्यात वर्षाला एक वळं पडतं, हिवाळ्यात वाढ थांबते म्हणून. आपल्याकडे असा हिवाळा कुठे आहे? मग आपल्या ढोम्याच्या खड्यात जी वळी दिसतात ती वर्षाची आहेत की आणखी कशाची? हे ठरवायला वर्षाच्या प्रत्येक महिन्यातले खडे हवे होते. कोणत्या महिन्यात खड्याच्या कडेला गडद थर असतो आणि कोणत्या महिन्यात फिकट, ते ओळीने पाहायचं होतं. एक महिना हुकला तर सगळी ओळ तुटणार होती. काम पुरं झालं तर किनाऱ्यावरच्या एका मत्स्य संशोधन केंद्रात सर माझा शब्द टाकणार होते. तिथे पुढच्या उन्हाळ्यात मदतनिसाची एक जागा निघणार होती आणि राहायला खोलीही मिळणार होती. मला त्या खोलीचीच स्वप्नं पडायची.

त्या जूनपासून मी मच्छी मार्केटात जायला लागले. नुसती डोकी पुरत नव्हती, अख्ख्या माशाची लांबी हवी होती. म्हणून पर्समध्ये शिंप्याची टेप. एक कोळीण मावशी मला ओळखायला लागली. पहिल्या दिवशी मी ढोम्याला टेप लावली तेव्हा ती सुरी खाली ठेवून बघतच राहिली.

"ढोम्याला झंपर शिवाचा हाय का गो?" तिने विचारलं आणि सगळा ओटा हसला.

नंतर तीच माझ्यासाठी ढोमे बाजूला काढून ठेवायला लागली. साफ केलेले तुकडेच नेणारी गिऱ्हाइकं डोकी टाकून जायची, तीही माझ्यासाठी राखून ठेवायची, पण मी मापल्याशिवाय सुरी लावायची नाही. पावसाळ्यात बोटी बंद असताना ढोमा मिळणं मुश्कील. तेव्हा तिने खाडीकडच्या आपल्या भाचीकडून थोडे थोडे मागवून दिले. श्रावणात तर शेजारणी माझ्या पिशवीकडे बघून नाक मुरडायच्या. आई जाऊन वर्ष झालं नाही आणि ही बघा, श्रावणातसुद्धा मासे. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

खडे काढून मी घरीच ठेवायचे. कॉलेजच्या कपाटाला कुलूप नव्हतं आणि तिथे उंदीर होते. घरात बामच्या रिकाम्या बाटल्या होत्याच, आईने जपून ठेवलेल्या. त्यांवर महिन्याच्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि स्वयंपाकघरात तिच्याच फळीवर, सहाणेशेजारी, ओळीने मांडल्या. दुसरी जागा तरी कुठे होती?

आणि रोज संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगायचे. स्टोव्हसमोर बसून, भाकरी थापता थापता. आज किती मोठा ढोमा मिळाला, खड्याच्या आतल्या बाजूला बेडकाच्या शेपटीवाल्या पिलाच्या आकाराची खाच कशी असते, त्या खाचेवरून डावा कोणता आणि उजवा कोणता कसं ओळखायचं. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराने बारीक पॉलिशपेपर देताना, अंगठीतला कोणता नग घासताय म्हणून कसं विचारलं आणि मी माशाच्या कानातला म्हटल्यावर कशी थट्टा समजून पेपर हिसकावून घेतला. मागे पाटावर बसून बाबा जेवायचे. मी वळून बघितलं की ते मान हलवायचे. त्या वर्षी माझं कोणाशी बोलणं असेल तर ते एवढंच. मला बरं वाटायचं. बाबा बोलत नाहीत, पण ऐकतात.

वर्ष पुरं व्हायला आलं तेव्हा सरांनी मला पंधरवडाभर मुंबईला एका प्रयोगशाळेत पाठवलं, खड्यांचे काप करायला शिकायला. मी दादरला आईच्या बहिणीकडे राहिले. खडा बरोबर गाभ्यावर मोडायचा, मोडलेली बाजू स्पिरिटच्या दिव्यावर धरून बदामी होईपर्यंत भाजायची, तेलाचा थेंब सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. भाजल्यावर वळी उठून दिसतात. तिथल्या बाईंनी मला पहिल्यांदा ती दाखवली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एका मुक्या जिवाची सगळी वर्षं तिथे मांडून ठेवलेली होती आणि ती कोणीतरी बघत होतं.

परत आले ती संध्याकाळची वेळ. दार उघडंच होतं. बाबा स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून बसले होते, पुढ्यात सहाण. फळी रिकामी होती. सगळ्या बाटल्या धुऊन, चिठ्ठ्या खरवडून, फडक्यावर पालथ्या घातलेल्या होत्या. सहाणेवर पांढरं पाणी होतं आणि बाबा त्यात शेवटचा खडा उगाळत होते, मशीनवरच्या माणसाच्या हाताने, अगदी एका लयीत.

"बाबा, ते माझ्या परीक्षेचे होते," मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला नाही. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. वर्षभराचं काम होतं, आता ते परत मिळायचं नाही, मला इथून जायचं होतं, हेही म्हटलं. माझा आवाज चिरकला. शेजारच्या खोलीतला रेडिओ कोणीतरी बारीक केला. बाबा उगाळत राहिले. तेव्हा मला कळलं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी राहून ओरडत होते आणि त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. आज नाही, कालही नाही. भाकरी थापता थापता वर्षभर मी जे सांगत होते, त्यातलं एक अक्षरही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. त्या घरात वर्षभर मी एकटीच बोलत होते.

मी बॅग ठेवली तशी जमीन हलली असावी. ते वळले आणि मला बघून त्यांचा चेहरा इतका उजळला की मी जागच्या जागी उभी राहिले. तू गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी कळ आली, म्हणाले. डॉक्टरने गोळ्या दिल्या, भरपूर पाणी प्यायला सांगितलं. पण मला माहीत होतं घरात औषध आहे. रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा खडे उगाळून घेतले. आता दुखत नाही. 

"तुझी आई गेली तेव्हा वाटलं, आता आपलं कोण बघणार," ते म्हणाले. "आणि तू वर्षभर जमवत होतीस. सणवार बघितला नाहीस, पावसापाण्यातून जात होतीस. मी बघत होतो सगळं. बोललो नाही कधी."

आई गेल्यापासून ते एका दमात एवढं कधीच बोलले नव्हते. आता समोर जाऊन, तोंड दाखवून मला खरं सांगता आलं असतं. त्यांना कळलं असतं. मी समोर गेले. त्यांच्या बोटांना पांढरा चुना लागला होता. मी म्हटलं, जेवलात का? त्यांनी ओठांकडे बघितलं आणि मान हलवली. या वेळी त्यांना कळलं होतं.

मोरीत जाऊन नळ सोडून मी पोटभर रडले. राग होता. कोणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून जास्तच होता. सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, जून येतोय, पहिल्यापासून सुरू कर. आणि खडे दोन असतात ना? कामाला एकच लागतो. एकच वापर.

किनाऱ्यावरची ती जागा त्या उन्हाळ्यात दुसऱ्या कोणाला मिळाली. मी पुन्हा टेप घेऊन मार्केटात गेले. या वर्षी उजवे खडे कॉलेजच्या कपाटात, पत्र्याच्या डब्यात कुलूप घालून, आणि डावे घरी, बामच्या बाटलीत. बाटली फळीवर दिसली की बाबा खूश असायचे. मीही बदलले. स्टोव्हसमोरून उठून त्यांच्या पुढ्यात बसून बोलायला लागले, आईसारखी. सगळं सांगायचे, फक्त खड्यांचं सोडून. माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढंच तर होतं, त्यामुळे गप्पा लवकर संपायच्या. आधीचं एकटेपण बरं होतं असं कधी कधी वाटायचं. निदान तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

प्रबंध पुरा झाला. आपल्याकडच्या ढोम्यालाही वर्षाला एकच वळं पडतं असं माझ्या खड्यांवरून दिसलं. गडद थर पावसाळ्याच्या आसपासचा, त्यात मासे अंडी घालतात त्या दिवसांचाही हात असावा. एवढंच. जगाच्या दृष्टीने फार काही नाही. बांधून आलेली प्रत मी घरी आणली आणि देवाजवळ ठेवली. बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं म्हणून मी निर्धास्त होते.

पण आत फोटो होते. मी चहा टाकत होते आणि ते पानं उलटत होते. अख्ख्या खड्याचा मोठा केलेला फोटो, आतल्या बाजूची खाच दाखवणारा. त्या खड्याला ओळखत नाही असा माणूस आमच्या घरात नव्हता. मग मोडलेल्या खड्याचा, मग भाजलेल्याचा, वळी मोजलेला. मग महिन्यांचा तक्ता. महिन्यांची इंग्रजी नावं तेवढी त्यांना पगाराच्या पावतीवरून ओळखता येत होती. त्यांनी फळीवरच्या बाटलीकडे बघितलं, पुन्हा पुस्तकाकडे बघितलं. पान मिटलं.  मी चहा दिला, तो त्यांनी गार होईपर्यंत तसाच ठेवला.

तो आठवडा ते माझ्याकडे बघत नव्हते, त्यामुळे बोलायचीही सोय नव्हती. रविवारी मी ढोमा केला. बाबांनी डोकं नेहमीसारखं सावकाश खाल्लं, दोन्ही खडे ताटाच्या कडेला काढले. उठले, मोरीत जाऊन ते राखेने घासले, धोतराच्या टोकाला पुसले आणि माझ्या ताटाशेजारी आणून ठेवले. तळहाताने माझ्याकडे सरकवले.

"दोन्ही तुझे," ते म्हणाले. 

मी एक उचलला आणि दुसरा त्यांच्याकडे परत सरकवला. ते माझ्या ओठांकडे बघत होते, तरी मी ओरडले. भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडले.

"एक तुमचा!"

त्यांनी तो घेतला. त्यानंतर दर रविवारी तसंच व्हायचं. एक मला, एक त्यांना. कळ असो नसो, ते आपला खडा बाटलीत टाकायचे. मी माझा टाकायचे दुसऱ्या बाटलीत. मला आता खड्यांचं काही काम उरलं नव्हतं, मी कॉलेजात शिकवायला लागले होते आणि कुठेही गेले नव्हते. पण ते सांगायचं कशाला? उलट जेवताना मी त्यांना आतली गोष्ट सांगायला लागले, पुढ्यात बसून, पहिल्यापासून, गाभ्यापासून. मासा कसा ऐकतो ते सांगितलं तेव्हा त्यांनी आपला खडा कानाला लावून बघितला आणि मान नकारार्थी हलवली. आम्ही दोघंही हसलो.

नव्वद साल उलटल्यावर बाबा निवृत्त झाले. चाळीच्या खोल्या सोडून आम्ही बदलापूरला शिरगावात एका नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. आजूबाजूला तेव्हा भातशेती होती आणि मध्येच उभ्या राहिलेल्या अर्धवट इमारती. बाबांना तिथली शांतता आवडते का, असं लोक विचारायचे. बाबा मान हलवायचे. काही वर्षांनी, एका थंडीत, ते झोपेतच गेले. त्यांची बाटली गळ्यापर्यंत भरली होती. माझीही.

मी अजून रविवारी ढोमा आणते. शिरगावच्या नाक्यावर एक बाई पाटी घेऊन बसते, तिला डोकं नीट ठेवायला सांगते. एकटीपुरता एक मासा पुरतो. परवाच्या रविवारी जेवून झाल्यावर खडे धुतले, पुसले, ताटाशेजारी ठेवले. एक उचलला. दुसरा समोर सरकवला आणि सवयीने तेच बोलले. माझा आवाज इतका मोठा झाला आहे हे मला माहीत नव्हतं. थोड्या वेळाने बेल वाजली. शेजारच्या फ्लॅटमधल्या नव्या बाई होत्या. कोणाला हाक मारलीत का, असं विचारत होत्या. आत कोणी आहे का, म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावरून डोकावून बघितलं.

मी नाही म्हटलं आणि दार लावलं. टेबलावर तो खडा मी सरकवला होता तिथेच होता.